वंदा गेली, व्हँडा आली

साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत फुलझाडाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. हा विषय जितका फुलाचा आहे तितकाच एका शब्दाचा आहे. आपल्या आमरायांतून एक संस्कृत शब्द विलायतेला गेला आणि शे-दीडशे वर्षांनी उच्चार बदलून, गळ्यात किमतीची चिठ्ठी बांधून परत आला. घरच्या माणसांनी त्याला ओळखले नाही. या न ओळखण्याचा इतिहास मला तुमच्यापुढे मांडायचा आहे.

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील बागेची हौस असलेल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘ऑर्किड आपल्याकडे जगत नाही. आपली हवा कोरडी. ते केरळात, आसामात, फार तर गोव्यात.’ थायलंडहून येणारी टोपलीतली जांभळी फुले आपण लग्नाच्या मांडवात पाहतो, हौसेने एखादी कुंडी आणतो, ती वैशाखात मरते आणि वाक्य खरे ठरते. पण त्याच वैशाखात, त्याच गावाबाहेरच्या जुन्या आंब्याच्या फांदीवर एक ऑर्किड फुललेले असते. त्याला कोणी पाणी घातलेले नसते. शास्त्रीय भाषेत त्याचे नाव व्हँडा टेसेलाटा, आणि त्यातला ‘व्हँडा’ म्हणजे आपली ‘वंदा’.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘वन्दा’ हा शब्द आहे. त्याला जोडून जे पर्याय दिले आहेत त्यांत दोन नावे शेजारी शेजारी बसली आहेत : वृक्षादनी आणि वृक्षरुहा. पहिलीचा अर्थ झाडाला खाणारी, दुसरीचा झाडावर उगवणारी. झाडावर वाढणारे ते झाडाला खाणारेच, अशी समजूत या शेजारात दिसते. मराठी माणूसही झाडावर परके हिरवे दिसले की ‘बांडगूळ’ म्हणून मोकळा होतो. दोहोंत मात्र मोठे अंतर आहे. बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसवते आणि तिचा रस पिते. बांडगूळ माजले की फांदी वाळते. वंदेची मुळे सालीला नुसती बिलगतात. सालीच्या आत ती जात नाहीत. पावसाचे पाणी, सालीवरून ओघळणारे थेंब, भेगांतला पालापाचोळा आणि धूळ एवढ्यावर तिचा संसार चालतो. झाडाकडून ती घेते ती जागा आणि थोडी सावली. मराठी परिभाषेत अशा वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. ऑर्किडांच्या कुलाला आपल्या वनस्पतिशास्त्राने ‘आमर’ किंवा ‘आमरी’ असे सुटसुटीत नाव दिलेले आहे, पण ते पुस्तकाबाहेर फारसे आले नाही.

या वनस्पतींची युरोपला पहिली सविस्तर ओळख झाली ती मलबारातून. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला, आणि झाडांवर वाढणारी ऑर्किडे त्याच्या शेवटच्या खंडात आहेत. या कामात इट्टी अच्युदन हा मलबारी वैद्य होता, आणि त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही होते. या तिघांनी दिलेली ग्वाही कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेली आहे. तिच्यावरची तारीख २० एप्रिल १६७५ अशी आहे. कोकणीभाषक घराणी गोव्यातून दक्षिणेकडे कशी पांगली हे गोव्यातील वाचकांना सांगायला नको. परमुलखात स्थिरावलेल्या अशा समाजातल्या तीन माणसांनी आपली लिपी आणि आपले वनस्पतिज्ञान एका परदेशी ग्रंथात नोंदवून ठेवले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे स्वीडनचा लिनियस याने १७५३ मध्ये वनस्पतींची नवी नामावली रचली, तेव्हा रीडच्या चित्रांचा आधार घेऊन मलबारी ऑर्किडांना त्याने ‘एपिडेंड्रम’ या नावाखाली गोळा केले. ग्रीकमध्ये याचा अर्थ ‘झाडावरचे’, म्हणजे वृक्षरुहाच. कोकणात जिला सीतेची वेणी म्हणतात आणि जी आज आसामचे राज्यपुष्प आहे, ती याच ओघात युरोपच्या नामावलीत शिरली.

आता कोरड्या मुलखाकडे येऊ. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर कंपनीच्या नोकरीत तेलुगू किनाऱ्यावर सामलकोट येथे राहत होता. तेथे त्याने बाग केली, हवामानाच्या नोंदी ठेवल्या आणि एतद्देशीय चित्रकारांकडून झाडांची चित्रे काढून घेतली. त्यांतली निवडक चित्रे कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील त्याच्या ग्रंथात छापली गेली. त्याच्या पहिल्या खंडात, १७९५ साली, एक चौकड्यांच्या फुलाचे ऑर्किड आले. त्याला रॉक्सबर्गने ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ म्हटले. टेसेलाटम म्हणजे फरशीसारख्या चौकड्यांचे. त्याच सुमारास कलकत्त्याचा न्यायाधीश आणि संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स याने भारतीय वनस्पतींवर लिहिलेले टिपण एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. जोन्स १७९४ मध्येच वारला होता. झाडांना त्यांची संस्कृत नावे द्यावीत असा त्याचा आग्रह होता, आणि या टिपणात झाडावरच्या ऑर्किडसाठी त्याने ‘वन्दा’ हे नाव वापरले. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते नाव उचलून एक नवी प्रजाती स्थापन केली. लॅटिनमध्ये ते ‘Vanda’ न होता दुसरे काय होणार? इंग्रजी तोंडात त्याचे ‘व्हँडा’ झाले, आणि त्याच उच्चाराने आज आपल्या रोपवाटिकांतून ते आपल्यालाच विकले जाते.

म्हणजे जगभरच्या ऑर्किडप्रेमींच्या तोंडी असलेले हे नाव दमट अरण्यातून आलेले नाही. त्याच्या मुळाशी संस्कृत कोशातला शब्द आहे, आणि त्या नावाच्या पहिल्या रोपांत एक तेलुगू उन्हाळ्यात वाढणारे होते. मग ‘ऑर्किड म्हणजे वाफाळलेली हवा’ हे समीकरण कोठून आले?

ते काचघरातून आले. १८१२ च्या सुमारास लंडनजवळच्या हॅकनी येथील लॉडिजेस यांच्या रोपवाटिकेत ऑर्किडांची व्यापारी लागवड सुरू झाली. सर जोसेफ बँक्स याने वेताच्या टोपल्यांत शेवाळ घालून झाडावरची ऑर्किडे टांगून पाहिली, आणि ही युक्ती पुष्कळ बरी होती. पण बहुतेकांची कल्पना अशी की, ही सारी झाडे उष्णकटिबंधातली, म्हणून त्यांना बारा महिने आच, अंधार आणि वाफ हवी. १८३० मध्ये जॉन लिंडली या मोठ्या विद्वानाने लंडनच्या उद्यानविद्या संस्थेपुढे ऑर्किडांच्या जोपासनेवर निबंध वाचला आणि दाट सावली, भरपूर उष्णता, भरपूर ओल असा उपदेश केला. बागवानांनी तो इमानाने पाळला. काचेची दारे बंद, विटांच्या धुराड्यांतून धग, जमिनीवर पाणी. हजारो झाडे कुजून मेली. इंग्लंड हे ऑर्किडांचे कबरस्तान झाले आहे, अशी कबुली तिकडच्याच जाणकारांनी दिली.

चूक कळायला वेळ लागला. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने काचघराच्या खिडक्या उघडल्या, हवा खेळती ठेवली आणि झाडागणिक तापमान वेगळे केले. जेम्स बेटमन याने डोंगराळ मुलखातली ऑर्किडे थंड हवेत वाढवण्याचा पुरस्कार केला. १८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला, काचघरे स्वस्त झाली आणि ऑर्किडांचे वेड मध्यमवर्गापर्यंत उतरले. या वेडाची किंमत कोणी मोजली हे पाहायचे तर खासी टेकड्यांकडे पाहावे. जोसेफ हूकर याने तेथून निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी भरून पाठवली, पण त्यांतली थोडीच जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाचे एकच ओझे, तेही वाईट स्थितीत, विलायतेत ३०० पौंडांना विकले गेले. ही हकिकत हूकरनेच आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवली आहे.

काचघराचे शास्त्र पुढे सुधारले, पण ऑर्किड म्हटले की काच, सावली आणि वाफ ही प्रतिमा तशीच उरली. उद्यानविद्येची पुस्तके, बियाणे-रोपांच्या जाहिराती, विलायतेत शिकलेले बागप्रमुख यांच्या मागोमाग ती आपल्याकडे आली. बडोद्याच्या वाचकांना क्रुम्बिगल हे नाव ठाऊक असेल. क्यू येथे तयार झालेला हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आला आणि पुढे बंगळूरच्या लालबागेत गेला. त्याच्यासारख्यांनी आपल्या शहरांना उत्तम बागा दिल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. पण बाग म्हणजे आखलेली, सिंचलेली, बाहेरून आणलेली अशी जी दृष्टी त्या काळात रुजली, तिच्यात आमराईच्या फांदीवर आपोआप उगवलेल्या वनस्पतीला जागा नव्हती. ‘कोरड्या हवेत ऑर्किड नाही’ ही समजूत निसर्गाने दिलेली नाही, ती या इतिहासाने दिलेली आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘ऑर्किड’ या शब्दाचे मूळही याला दुजोरा देते. तो शब्द थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताचा, सुमारे २३०० वर्षांपूर्वीचा. ग्रीसचा उन्हाळा कडक आणि बिनपावसाचा. तिथली ऑर्किडे जमिनीत कंद धरून राहतात, पावसाळी हिवाळ्यात वर येतात आणि ऊन चढले की पुन्हा मातीखाली जातात. कंदाच्या जोडीचा आकार वृषणासारखा, म्हणून ग्रीकांनी त्यांना ‘ऑर्किस’ म्हटले. अरबांनी त्याच आकारावरून कोल्ह्याचे नाव जोडले, आणि त्या अरबी नावाचा अपभ्रंश म्हणजे आपल्या आजीच्या फडताळातली सालममिश्री. बाळंतिणीच्या लाडवांत किंवा अशक्त माणसाच्या दुधात ती घालताना आपण ऑर्किडचा कंद घालतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. आपल्या डोंगरांतला अमरकंद तोच. तोही ऑर्किडच. तो उन्हाळाभर मातीत झोपतो आणि पावसाच्या तोंडाशी फुलतो.

मग झाडावर उघडी राहणारी वंदा वैशाख कसा काढते? तिच्याजवळ तीन साधने आहेत. एक म्हणजे मुळांवरचे पांढरे वेष्टन. ते मृत, पोकळ पेशींच्या थरांचे बनलेले असते. पाऊस पडला की टिपकागदासारखे पाणी शोषून घेते आणि मूळ हिरवे दिसू लागते, वाळले की पुन्हा रुपेरी होऊन आतल्या जिवंत भागाला झाकते. दुसरे म्हणजे पाने. ती जाड, पन्हाळीसारखी दुमडलेली असतात, आणि त्यांची रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा बंद दाराआड त्याचे अन्न होते. पाण्याची उधळपट्टी टळते. तिसरे साधन म्हणजे विश्रांती. कार्तिकापासून पुढे ती वाढ आवरते. माघ-फाल्गुनात पाने किंचित सुरकुततात, आणि नवखा माणूस घाबरून पाण्याचा मारा करतो. पण ते तिचे झोपणे असते. उन्हाळा चढल्यावर कोरड्या देहातूनच कळ्यांची काठी निघते. फुले पिवळट-हिरवी, त्यांवर तपकिरी चौकड्या, ओठ जांभळट किंवा निळसर, आणि वासाला गोड.

एक अडचण मात्र खरी आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते. हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार याने १८९९ मध्ये उलगडले, आणि १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नड्सन याने साखरेच्या पोषकद्रव्यावर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले. आजची सारी स्वस्त ऑर्किडे त्या शोधाची लेकरे. इंदूरकरांना येथे अल्बर्ट हॉवर्ड आठवावा. त्याने १९२४ पासून इंदुरात काम करून खताची ‘इंदूर पद्धत’ जगाला दिली आणि पुढे मुळे आणि बुरशी यांच्या सोयरिकीवर फार भर दिला. जुन्या झाडाची साल म्हणजे नुसते लाकडाचे टरफल नव्हे. तिथे ती बुरशी असते. म्हणूनच नव्या कलमांच्या बागेत वंदा आपोआप येत नाही. तिला म्हातारे झाड लागते.

आणि येथेच काळजीचा प्रश्न उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नर्मदेच्या खोऱ्यात हिंडलेल्या स्लीमन या अधिकाऱ्याने आमराया लावण्याची आणि त्यांची लग्ने लावण्याची चाल वर्णन केली आहे. आमराई लावणारा माणूस तिचे लग्न लागल्याशिवाय फळ चाखत नसे. माळव्यात, वऱ्हाडात, गुजरातेत अशा आमराया आपल्या घराण्यांनीही लावल्या. वाटण्या झाल्या, रस्ते रुंदावले, वसाहती आल्या आणि झाडे पडली. प्रत्येक पडलेल्या आंब्याबरोबर त्याच्या फांद्यांवरची वंदाही गेली, आणि ती गेल्याची नोंद कोठे झाली नाही. त्यात भर म्हणजे काही प्रांतांत वैद्यकातली ‘रास्ना’ म्हणून हीच मुळे वापरली जातात, तेव्हा बाजारासाठीही तिला ओरबाडले जाते. १९६६ मध्ये सांतापाव आणि कपाडिया यांनी मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवर पुस्तक लिहिले. त्यातली नावे आज आपल्या परिसरात कोठे कोठे भेटतात हे कोणी तपासायचे?

वाचकहो, आपण दोन-तीनशे वर्षे या मुलखांत आहोत. येथील भाषेशी, पाण्याशी, सणांशी आपण बिलगून राहिलो आणि आपली मराठीही हिरवी ठेवली. कधीमधी आपल्यालाही कोणी ‘बाहेरचे’ म्हटले असेल. वृक्षादनी आणि वृक्षरुहा यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळावा? म्हणून वंदेची ओळख पटवण्याचे काम आपल्यावर थोडे अधिक आहे असे मला वाटते.

तिला अंगणात आणणे कठीण नाही. रानातल्या झाडावरून ओरबाडू नये. पण तोडलेल्या आंब्याच्या किंवा वीजतारांसाठी छाटलेल्या फांदीवर ती असली तर मालकाला विचारून घ्यावी, नाहीतर बियांपासून वाढवलेले रोप रोपवाटिकेतून आणावे. पहिला पाऊस झाल्यावर, ज्येष्ठ-आषाढात, आंब्यासारख्या खरबरीत सालीच्या झाडाला पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या अंगाने ती बांधावी, म्हणजे दुपारनंतरचे ऊन आणि लू खोडावर थांबते. पेरू किंवा निलगिरी नको. साल सुटते आणि मुळेही तिच्याबरोबर सुटतात. बांधायला काथ्या किंवा सुती चिंधी घ्यावी, तार घेऊ नये. मुळांना माती लावू नये, ती उघडीच राहावीत. पावसाळ्यात काही करायचे नाही. थंडीत आठवड्याला एखादा शिडकावा पुरे. चैत्र-वैशाखात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर मुळे हिरवी होईपर्यंत पाणी घालावे आणि पुढच्या वेळेपर्यंत ती पुन्हा रुपेरी होऊ द्यावीत. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी पश्चिमेला भिंत असली तर उत्तम. झाड नसेल तर कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेली लाकडी जाळी ओसरीला टांगावी. गोवा आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या वाचकांना एवढेही करावे लागणार नाही. त्यांच्या फणसावर सीतेची वेणी सुखाने लोंबेल.

हे नुसते पुस्तकी धाडस नाही. उघड्यावर, भर उन्हात ऑर्किड वाढवून एका देशाने आपले राष्ट्रीय फूल केले आहे. सिंगापुरात अ‍ॅग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतले संकरित व्हँडा १८९३ मध्ये जगापुढे आले, आणि १९८१ मध्ये त्याची राष्ट्रीय पुष्प म्हणून निवड झाली. त्याच्या जन्मदात्यांपैकी एक आपल्या ईशान्येकडचे. तिथली हवा दमट, आपली कोरडी, हा फरक आहेच. पण त्यांनी काचघर सोडून अंगणावर विश्वास ठेवला, एवढा धडा घेण्यासारखा आहे.

आपण अंगणात वंदा लावलीत तर पहिल्या वर्षी काहीच घडणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एखादे मूळ सालीच्या भेगेत शिरेल, तिसऱ्या किंवा चौथ्या उन्हाळ्यात फूल येईल. तेव्हा घरातली मुले विचारतील, हे काय आहे? त्यांना ‘व्हँडा ऑर्किड’ असे सांगितलेत तरी चूक नाही. फक्त त्यापुढे अमरकोशातला शब्दही सांगावा, आणि झाडाला ती खात नाही हेही.